विक्रीकडून वर्गणीकडे : शंतनू नारायण यांनी अ‍ॅडोबी कशी बदलली?

चांगल्या चाललेल्या दुकानाची फळी लावून दुकानदाराने ‘उद्यापासून हा माल विकत मिळणार नाही, भाड्याने हवा तर न्या’ असे जाहीर केले, तर गिऱ्हाईक त्याला वेड्यात काढेल. ६ मे २०१३ रोजी अमेरिकेतील लॉस एंजल्स येथे भरलेल्या आपल्या ‘मॅक्स’ परिषदेत अ‍ॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने नेमके हेच केले. छायाचित्रांवर संस्कार करणारे फोटोशॉप, चित्रांकनासाठीचे इलस्ट्रेटर, पानांच्या मांडणीसाठीचे इनडिझाइन या आपल्या प्रमुख सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या यापुढे विकत मिळणार नाहीत; त्या वापरायच्या असतील तर वर्गणी भरावी लागेल, असे कंपनीने सांगून टाकले. आदल्याच आर्थिक वर्षात कंपनीने सुमारे ४४० कोटी डॉलरचा महसूल मिळवला होता. तोवरच्या तिच्या इतिहासातील तो सर्वाधिक होता.

या निर्णयाची धुरा हैदराबादेत वाढलेल्या शंतनू नारायण यांच्याकडे होती. पुढील दोन वर्षे महसूल आधीच्या उच्चांकाखालीच राहिला, नफा एक तृतीयांशावर आला, ग्राहक संतापले. त्यानंतर मात्र आलेख असा चढला, की सॉफ्टवेअर उद्योगातील लहानमोठ्या कंपन्यांनी हाच मार्ग धरला. आज संगणकावरील असंख्य सेवांसाठी आपण दरमहा पैसे मोजतो, त्या प्रथेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या घटनांमध्ये या निर्णयाचा क्रम वरचा आहे. म्हणूनच तो कसा घेतला गेला, त्यामागचे गणित काय होते आणि त्याची किंमत कोणी चुकवली, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

छापखान्याशी जुळलेले नाते

अ‍ॅडोबीची स्थापना डिसेंबर १९८२ मध्ये जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की या दोन संशोधकांनी केली. दोघेही झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत काम करीत होते. तेथे विकसित झालेले तंत्र बाजारात येत नाही, हे पाहून त्यांनी स्वतंत्र वाट धरली. वॉर्नॉक यांच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचे नाव कंपनीला मिळाले. संगणकाच्या पडद्यावरील अक्षरे आणि आकृत्या मुद्रकावर जशाच्या तशा कशा उमटवायच्या, हा त्या काळातील मोठा प्रश्न होता. ‘पोस्टस्क्रिप्ट’ या भाषेने तो सोडवला. १९८५ साली अ‍ॅपलच्या लेझर मुद्रकात ही भाषा आली आणि टेबलावर बसून पान तयार करण्याचे, म्हणजेच डीटीपीचे युग सुरू झाले. १९८७ मध्ये इलस्ट्रेटर, १९९० मध्ये फोटोशॉप आणि १९९३ मध्ये पीडीएफ अशी एकाहून एक सरस उत्पादने कंपनीने दिली. १९९४ मध्ये अल्डस ही कंपनी विकत घेतल्याने पेजमेकर हे सॉफ्टवेअरही तिच्या पंखाखाली आले.

मराठी वाचकाला यातील पेजमेकर हे नाव परके वाटू नये. खिळ्यांची जुळणी मागे पडून मराठी मुद्रण संगणकावर आले, तेव्हा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारख्या अक्षरसंचांची आणि पेजमेकरची जोडी गावोगावच्या डीटीपी केंद्रांत दिसू लागली. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके अशी कामे याच जोडीवर झाली. पुढे छायाचित्रकारांच्या स्टुडिओत आणि फ्लेक्स छापणाऱ्यांच्या दुकानात फोटोशॉपने बस्तान बसवले. त्यामुळे कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे झालेल्या निर्णयाची झळ महाराष्ट्रातील या छोट्या व्यावसायिकापर्यंत पोहोचणार, हे ओघानेच आले.

हैदराबाद ते सॅन होजे

शंतनू नारायण यांचा जन्म १९६३ सालचा. आई अमेरिकी साहित्याच्या अध्यापिका, तर वडिलांचा प्लास्टिकचा व्यवसाय. शिक्षण हैदराबाद पब्लिक स्कूलमध्ये झाले. पुढे मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झालेले सत्या नाडेला हेही याच शाळेचे विद्यार्थी. उस्मानिया विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स आणि कम्युनिकेशन अभियांत्रिकीची पदवी घेऊन नारायण अमेरिकेला गेले. ओहायो राज्यातील बोलिंग ग्रीन विद्यापीठातून १९८६ मध्ये त्यांनी संगणकशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळवली. तरुणपणी त्यांना शिडाच्या होड्यांच्या शर्यतीची आवड होती आणि आशियाई रेगाटा स्पर्धेत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्वही केले होते.

मेझरेक्स ऑटोमेशन सिस्टिम्स या नवख्या कंपनीतून त्यांच्या नोकरीचा प्रारंभ झाला. १९८९ मध्ये ते अ‍ॅपलमध्ये दाखल झाले. नोकरी सांभाळूनच त्यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९९३ मध्ये एमबीए केले. त्यानंतर सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीत काही काळ काढून १९९६ मध्ये त्यांनी ‘पिक्ट्रा’ नावाची कंपनी सहकाऱ्यांसह काढली. इंटरनेटवरून छायाचित्रे एकमेकांना दाखवता यावीत, ही पिक्ट्रामागची कल्पना. घरोघरी डिजिटल कॅमेरे पोहोचायचे होते आणि इंटरनेटची जोडणी टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत चालत होती, अशा काळात ही कल्पना फार लवकर आली होती. कंपनी टिकली नाही. परंतु वस्तूऐवजी सेवा देण्याचा विचार नारायण यांच्या गाठीशी राहिला असावा, असे पुढील घटनांवरून म्हणता येते.

१९९८ मध्ये ते अ‍ॅडोबीत आले, तेव्हा कंपनीची स्थिती नाजूक होती. पानमांडणीच्या बाजारात क्वार्क या प्रतिस्पर्ध्याचे वर्चस्व होते आणि त्याच वर्षी क्वार्कने अ‍ॅडोबीलाच विकत घेण्याची तयारी दाखवली होती. तो प्रस्ताव बारगळला. १९९९ मध्ये अ‍ॅडोबीने इनडिझाइन बाजारात आणले आणि हळूहळू क्वार्कची सद्दी संपवली. नारायण यांच्याकडे उत्पादनविकासाची जबाबदारी वाढत गेली. २००५ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष आणि मुख्य कार्यचालन अधिकारी झाले. फ्लॅश आणि ड्रीमवीव्हर तयार करणारी मॅक्रोमीडिया ही कंपनी ३४० कोटी डॉलरना घेण्याचा व्यवहार याच वर्षीचा. १ डिसेंबर २००७ रोजी ब्रूस चिझेन यांच्याकडून मुख्य कार्यकारी अधिकारीपदाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यावेळी ते ४४ वर्षांचे होते.

मंदीने दिलेला धडा

नव्या प्रमुखाला स्थिरावण्याचीही उसंत मिळाली नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली आणि जगभर मंदीचे सावट पसरले. अ‍ॅडोबीने आपल्या सॉफ्टवेअरचा ‘क्रिएटिव्ह सूट ४’ हा संच नेमका ऑक्टोबर २००८ मध्ये बाजारात आणला. परिणाम व्हायचा तोच झाला. आर्थिक वर्ष २००८ मध्ये सुमारे ३५८ कोटी डॉलर असलेला महसूल २००९ मध्ये २९५ कोटींवर घसरला. डिसेंबर २००८ मध्ये सुमारे ६०० आणि नोव्हेंबर २००९ मध्ये सुमारे ६८० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

या पडझडीत ग्राहकांनी फोटोशॉप वापरणे सोडलेले नव्हते, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. ते जुन्याच आवृत्तीवर काम भागवत होते. पाकीटबंद सॉफ्टवेअरच्या धंद्यातील मूळ दुखणे मंदीने उघडे पाडले ते असे. दर दीड-दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढायची आणि ती घेण्यासाठी ग्राहकाला राजी करायचे, यावर सारा डोलारा उभा होता. ग्राहकाने एक आवृत्ती गाळली की कंपनीचे उत्पन्न बुडाले. शिवाय उत्पादन जितके चांगले, तितकी अडचण मोठी! पूर्वी घेतलेली आवृत्ती उत्तम चालत असेल, तर नवीवर शेकडो डॉलर कोण खर्च करणार? म्हणजे कंपनीची खरी स्पर्धा तिच्याच जुन्या मालाशी होती.

अभियंत्यांची कुचंबणा वेगळीच. एखादी सुधारणा आज तयार झाली तरी ती पुढच्या आवृत्तीपर्यंत राखून ठेवावी लागे. कारण ती आधीच देऊन टाकली तर नव्या पाकिटात विकायचे काय? इकडे दर काही महिन्यांनी नवे मोबाइल फोन आणि संकेतस्थळांची नवी तंत्रे येत होती. दोन वर्षांच्या चक्रात अडकलेली कंपनी या वेगाशी बरोबरी करू शकत नव्हती.

वर्गणीचे गणित

यावर नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘क्रिएटिव्ह क्लाउड’. मे २०१२ मध्ये ही योजना सुरू झाली. वर्षभराचा करार केला तर दरमहा सुमारे ५० डॉलर भरून कंपनीची बहुतेक सर्व सर्जनशील सॉफ्टवेअर वापरता येऊ लागली. याच सुमारास ‘क्रिएटिव्ह सूट ६’ हा संच पाकिटातही उपलब्ध होता आणि त्यातील सर्वांत मोठ्या संचाची किंमत होती २,५९९ डॉलर. एकट्या फोटोशॉपसाठी ६९९ डॉलर मोजावे लागत.

‘क्लाउड’ या नावाने अनेकांचा गैरसमज झाला. हे सॉफ्टवेअर इंटरनेटवर चालते, असा तो समज. प्रत्यक्षात फोटोशॉप पूर्वीप्रमाणेच ग्राहकाच्या संगणकावर उतरवले जाते आणि तेथेच चालते. फरक परवान्यात आहे. वर्गणी भरलेली आहे की नाही, याची खातरजमा सॉफ्टवेअर ठरावीक काळाने कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधून करते. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबले.

आता हिशेब पाहू. एक हजार ग्राहकांनी २,५९९ डॉलरचा संच विकत घेतला, तर त्या वर्षी कंपनीच्या खात्यात जवळपास २६ लाख डॉलर जमा होतात. हेच हजार ग्राहक वर्षाच्या मध्यावर ५० डॉलरच्या वर्गणीवर आले, तर उरलेल्या सहा महिन्यांत मिळतात अवघे तीन लाख डॉलर. ग्राहकांची संख्या तीच, कामही तेच. मात्र ताळेबंदात उत्पन्न जवळपास नऊ दशांशाने घटलेले दिसते. गंमत अशी, की वर्गणीला प्रतिसाद जितका चांगला, तितकी ही घट मोठी. योजना यशस्वी होत असल्याची खूण आणि धंदा बुडत असल्याची खूण एकसारखीच दिसते!

दुसऱ्या वर्षी चित्र पालटू लागते. विक्रीच्या पद्धतीत नव्या वर्षाचा प्रारंभ शून्यापासून होतो. पुन्हा हजार ग्राहक शोधावे लागतात. वर्गणीच्या पद्धतीत एकही नवा ग्राहक न जोडता सहा लाख डॉलर येणार हे पहिल्याच दिवशी ठाऊक असते. ५० डॉलरप्रमाणे २,५९९ डॉलर भरून निघायला ५२ महिने, म्हणजे चार वर्षे चार महिने लागतात. त्यानंतरची प्रत्येक वर्गणी कंपनीच्या दृष्टीने वरकड. ग्राहक टिकला तर कंपनी जिंकते, तो लवकर गेला तर हरते. मासिकाचा व्यवस्थापक वर्गणीदारांच्या यादीकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने आता सॉफ्टवेअर कंपनीला आपल्या ग्राहकाकडे पाहणे भाग पडले.

आधी सांगितले, मग केले

हे गणित कागदावर मांडणे सोपे होते. अमेरिकेतील शेअर बाजार दर तीन महिन्यांनी कंपनीची झडती घेतो. सलग दोन वर्षे घटते आकडे दाखवणाऱ्या प्रमुखाची खुर्ची तेथे सहसा शाबूत राहत नाही. नारायण यांच्या कारकिर्दीतील खरी कसोटी येथे होती.

नोव्हेंबर २०११ मध्ये अ‍ॅडोबीने विश्लेषकांपुढे आपला बेत मांडला. त्याच सुमारास सुमारे ७५० कर्मचाऱ्यांची कपात आणि मोबाइलवरील फ्लॅश बंद करण्याचा निर्णयही जाहीर झाला. समभाग घसरला. मात्र नारायण आणि वित्त विभागाचे प्रमुख मार्क गॅरेट यांनी एक धोरण कटाक्षाने पाळले. महसूल घटणार आहे, हे त्यांनी तो घटण्याआधीच सांगितले. नुसते सांगून ते थांबले नाहीत. कंपनीची प्रकृती मोजण्यासाठी वेगळी फूटपट्टीही त्यांनी दिली. एकूण वर्गणीदार किती आणि त्यांच्याकडून वर्षभरात किती उत्पन्न अपेक्षित आहे, हे आकडे दर तिमाहीला जाहीर होऊ लागले. आर्थिक वर्ष २०१५ पर्यंत ४० लाख वर्गणीदार करण्याचे उद्दिष्टही चारचौघांत सांगून टाकले.

त्यामुळे बाजाराला एकाच वेळी दोन आकडे दिसू लागले. महसूल २०१२ मधील ४४० कोटी डॉलरवरून २०१३ मध्ये सुमारे ४०५ कोटींवर आला. निव्वळ नफा ८३ कोटी डॉलरवरून २९ कोटींवर आणि २०१४ मध्ये सुमारे २७ कोटींवर घसरला. त्याच वेळी वर्गणीदार मात्र २०१२ अखेरच्या सव्वातीन लाखांवरून २०१३ अखेर १४ लाखांवर आणि २०१४ अखेर साडेचौतीस लाखांवर गेले. २०१५ अखेर ही संख्या ६० लाखांच्या पुढे होती. आधी सांगितलेले घडते आहे, असे दिसल्यावर गुंतवणूकदारांचा विश्वास बसला. नफा आटत असतानाही समभाग वाढत राहिला, ही वरकरणी विचित्र वाटणारी गोष्ट या प्रामाणिक पूर्वसूचनेमुळे शक्य झाली.

कंपनीच्या आतही उलथापालथ झाली. मोठ्या विक्रीवर भर देणाऱ्या विक्रेत्यांना ग्राहक टिकवण्याचे काम शिकावे लागले. पाकिटे विकणाऱ्या वितरकांचे महत्त्व घटले. अभियंत्यांना दोन वर्षांची मुदत गेली आणि सुधारणा तयार होताच ग्राहकाला देण्याची शिस्त आली. विक्री आणि वर्गणी या दोन्ही पद्धती बराच काळ सोबत ठेवण्याचा सुरक्षित पर्याय कंपनीपुढे होता. तसे केले असते, तर प्रत्येक नवी सुधारणा दोनदा बेतावी लागली असती आणि जुन्या सवयीचे ग्राहक विक्रीलाच चिकटून राहिले असते. म्हणूनच वर्षभरातच, मे २०१३ मध्ये, परतीचा दोर कापण्यात आला.

किल्ली कोणाच्या हाती?

नाण्याची दुसरी बाजू ग्राहकाची. मे २०१३ च्या घोषणेनंतर संतापाची लाट उसळली. निर्णय मागे घ्यावा, यासाठी इंटरनेटवर निघालेल्या आवाहनावर हजारो ग्राहकांनी सह्या केल्या. दरवर्षी नवी आवृत्ती घेणाऱ्या मोठ्या जाहिरात संस्थांना वर्गणी स्वस्तच पडत होती. रोष होता तो एकट्याने काम करणारे छायाचित्रकार, चित्रकार, छोटे मुद्रक यांचा. एकदा पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर पाच-सात वर्षे वापरणारा हा वर्ग. त्याला आता काम असो वा नसो, दर महिन्याला पैसे भरणे आले.

पैशाहूनही खोल असा एक मुद्दा होता. वर्षानुवर्षे केलेल्या कामाच्या फाइली ग्राहकाच्याच संगणकावर असतात. पण त्या ज्या स्वरूपात साठवल्या जातात, ते स्वरूप त्या सॉफ्टवेअरचे असते. वर्गणी थांबली तर फाइल हाताशी आहे, मात्र ती पूर्ववत उघडून दुरुस्त करण्याचे साधन नाही, अशी अवस्था होऊ शकते. घर आपले, पण कुलपाची किल्ली भाड्याची, असा हा प्रकार.

किमतीचा वादही पेटला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत नारायण सिडनीला गेले असता, ऑस्ट्रेलियातील ग्राहकांना हेच सॉफ्टवेअर अमेरिकेपेक्षा कितीतरी महाग का, असा प्रश्न पत्रकारांनी त्यांना वारंवार विचारला. प्रत्येक वेळी त्यांनी क्रिएटिव्ह क्लाउडच्या भवितव्याकडेच बोट दाखवले. सरळ उत्तर न दिल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. भर म्हणून अ‍ॅडोबीच्या सर्व्हरवर मोठा सायबर हल्ला झाल्याचे ऑक्टोबर २०१३ मध्ये जाहीर झाले. सुमारे ३ कोटी ८० लाख चालू खात्यांची माहिती चोरांच्या हाती लागल्याचे पुढे उघड झाले. ग्राहकांना आपल्याशी कायमचे जोडून घेऊ पाहणाऱ्या कंपनीसाठी ही नामुष्कीच होती.

अर्थात, कंपनीने काही बाबतीत माघारही घेतली. छायाचित्रकारांचा रोष पाहून सप्टेंबर २०१३ मध्ये फोटोशॉप आणि लाइटरूम ही दोन सॉफ्टवेअर मिळून दरमहा सुमारे १० डॉलरची वेगळी योजना जाहीर झाली. हौशी छायाचित्रकारांचा मोठा वर्ग त्यामुळे वर्गणीदार झाला.

मराठी व्यावसायिकाच्या दृष्टीने येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. मराठीसह दहा भारतीय भाषांची अक्षरे इनडिझाइनमध्ये व्यवस्थित जुळवण्याची अंगभूत सोय २०१२ च्या ‘क्रिएटिव्ह सूट ६’मध्ये आली. पाकिटात मिळालेला तो शेवटचा संच. म्हणजे आपल्या लिपीला सॉफ्टवेअरमध्ये मानाचे स्थान मिळाले आणि लगेच ते विकत घेण्याची वाट बंद झाली. आपल्याकडे फोटोशॉपच्या अनधिकृत प्रतींवर चालणारी दुकानेही कमी नव्हती. वर्गणीमुळे अधिकृत सॉफ्टवेअरचा प्रवेशाचा खर्च कमी झाला, हे खरे. मात्र लग्नसराईत रात्रीचा दिवस आणि पावसाळ्यात हातावर हात, अशा हंगामी धंद्याला बारमाही हप्ता परवडतोच असे नाही, हेही तितकेच खरे.

सोडलेले आणि जोडलेले

वर्गणीइतकेच महत्त्वाचे आणखी दोन निर्णय नारायण यांच्या काळात झाले. पहिला फ्लॅशचा. एप्रिल २०१० मध्ये अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅशला जागा का नाही, हे सांगितले. अ‍ॅडोबीने आधी प्रतिवाद केला. पुढे वास्तव स्वीकारले. २०११ मध्ये मोबाइलवरील फ्लॅश थांबले, २०१७ मध्ये ते पूर्ण बंद करण्याची घोषणा झाली आणि २०२० अखेर त्यावर पडदा पडला. मॅक्रोमीडियासाठी मोजलेल्या किमतीचा मोह बाळगून कंपनी त्यात अडकून पडली नाही.

दुसरा निर्णय सप्टेंबर २००९ मधील. ऐन मंदीत अ‍ॅडोबीने ऑम्निचर ही संकेतस्थळांवरील वाचकांच्या वर्तनाचे मोजमाप करणारी कंपनी १८० कोटी डॉलरना घेतली. चित्रे आणि पाने तयार करण्याची साधने विकणाऱ्या कंपनीला या आकडेमोडीशी काय कर्तव्य, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. जाहिरात तयार करणाऱ्यालाच ती कितपत पाहिली गेली हे जाणून घ्यायचे असते, असा त्यामागचा विचार. २०१८ मध्ये मॅजेन्टो आणि मार्केटो या कंपन्या घेऊन हा व्यवसाय विस्तारला. शिवाय ऑम्निचर ही मुळातच वर्गणीवर चालणारी कंपनी होती. सेवा म्हणून सॉफ्टवेअर कसे चालवायचे, याचा अनुभव अ‍ॅडोबीला त्यातून घरबसल्या मिळाला.

यशाचे माप

२०१५ मध्ये महसूल ४८० कोटी डॉलरवर जाऊन जुना उच्चांक मोडला. २०१९ मध्ये तो १,११७ कोटींवर आणि २०२४ मध्ये सुमारे २,१५० कोटींवर पोहोचला. नारायण यांनी सूत्रे घेतली त्या सुमारास चाळीस-बेचाळीस डॉलरच्या घरात असलेला समभाग नोव्हेंबर २०२१ मध्ये साडेसहाशेच्या वर गेला. २०१७ मध्ये ते संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले, तर २०१९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरवले.

तथापि, कारकिर्दीचा उत्तरार्ध निष्कंटक नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये फिग्मा ही नवी स्पर्धक कंपनी २,००० कोटी डॉलरना घेण्याची घोषणा झाली. किंमत अवाच्या सवा असल्याचे मत व्यक्त होऊन समभाग एका दिवसात कोसळला. युरोप आणि ब्रिटनमधील स्पर्धा नियामकांनी आक्षेप घेतल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये व्यवहार सोडून द्यावा लागला आणि कराराप्रमाणे फिग्माला १०० कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. ब्राउझरमध्ये एकत्र बसून काम करण्याची फिग्माची पद्धत तरुण पिढीला आवडली होती. दहा वर्षांपूर्वी इतरांना मागे टाकणाऱ्या कंपनीला आता मागून येणाऱ्याची चाहूल लागली होती.

जून २०२४ मध्ये तर वर्गणीच्या पद्धतीवरच बोट ठेवले गेले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सोपवलेल्या प्रकरणात तेथील सरकारने अ‍ॅडोबीविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. वार्षिक करार करून दरमहा पैसे भरणाऱ्या ग्राहकाने मुदतीआधी वर्गणी बंद केली तर त्याच्याकडून शुल्क घेतले जाते. हे शुल्क ग्राहकाच्या नजरेआड ठेवले गेले आणि वर्गणी बंद करण्याची प्रक्रिया मुद्दाम किचकट केली गेली, असे त्यातील आरोप होते. आपल्या अटी स्पष्ट आहेत, अशी कंपनीची भूमिका होती. याच काळात शब्दांत वर्णन करताच चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अवतरली. अ‍ॅडोबीनेही मार्च २०२३ मध्ये ‘फायरफ्लाय’ हे आपले साधन आणले. परंतु चित्र काढायला फोटोशॉपच लागेल का, ही शंका गुंतवणूकदारांच्या मनात शिरली आणि समभाग २०२१ च्या शिखरावरून खाली आला.

नारायण यांच्या कारकिर्दीकडे पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. फोटोशॉप त्यांनी घडवले नाही. पीडीएफही त्यांचे नव्हे. त्यांनी बदलला तो ग्राहक आणि कंपनी यांच्यातील व्यवहार. धंदा तेजीत असताना तो मोडून नव्याने उभारण्याचे धाडस आणि त्यातील तोटा आधीच सांगून टाकण्याचा सरळपणा, या दोन गोष्टींवर हे परिवर्तन तरले. गुंतवणूकदारांशी दाखवलेला तोच सरळपणा वर्गणी सोडू पाहणाऱ्या ग्राहकाच्या वाट्यालाही आला का, हा प्रश्न मात्र दाव्याच्या निमित्ताने उभा राहिला. मासिकाची वर्गणी थांबवली तरी जुने अंक आपल्या कपाटात राहतात आणि ते केव्हाही काढून वाचता येतात. सॉफ्टवेअरच्या वर्गणीदाराला तेवढी मुभा नाही. यापुढे दरमहा पैसे मागणारी कोणतीही सेवा घेताना, ती बंद केल्यावर आपल्या हाती काय उरेल, एवढे एक पाहून घेतलेले बरे.